रोपलेले केस गळाले म्हणजे शस्त्रक्रिया फसली?

‘हेअर ट्रान्सप्लांटनंतर महिन्याभरात केस गळाले, तर पैसे पाण्यात गेले,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. आरशासमोर उभं राहून रोज गळणारे केस पाहणाऱ्याला तो खरा वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण तो खरा नाही.

शस्त्रक्रियेत केस नव्हे, तर केसाचं मूळ रोपलं जातं. जागा बदलल्याचा ताण बसला की हे मूळ विश्रांतीच्या अवस्थेत जातं आणि वरचा केस सोडून देतं. म्हणून साधारण २ ते ८ आठवड्यांत बरेचसे रोपलेले केस गळतात. मूळ मात्र त्वचेखाली शाबूत असतं. आजूबाजूचे जुने केसही काही काळ विरळ होऊ शकतात. घाबरवणारी खरी गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल आधी कुणी फारसं सांगत नाही.

स्वतः कसं पडताळायचं? केस गळाला तेव्हा रक्त आलं का, ते पाहा. मूळच निसटलं तर सहसा रक्त येतं, आणि तो धोका मुख्यतः पहिल्या आठ-दहा दिवसांतला. नंतर दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक केस दिसू लागतात. पूर्ण निकालाला १२ महिने लागतात, टाळूच्या मागच्या भागाला कधी त्याहून जास्त.

पू, ताप किंवा वाढती वेदना असेल, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.