जुने कर्नल काढणे (लिनक्स)

लिनक्स संगणकावर साचलेल्या, वापरात नसलेल्या कर्नल-आवृत्त्या (कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा) पॅकेज व्यवस्थेमार्फत काढून टाकण्याची क्रिया. इतर पॅकेजची नवी आवृत्ती जुनीची जागा घेते. बहुतेक वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) कर्नलचे तसे नसते. नवा कर्नल जुन्याच्या शेजारी बसतो, म्हणजे तो सुरू झाला नाही तर ग्रब या आरंभकाच्या (संगणक सुरू होताना कर्नल स्मृतीत आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतून मागचा निवडता येतो. आर्च लिनक्स हा ठळक अपवाद. तेथे जुन्याच्याच जागी नवा येतो.

एका आवृत्तीचे अवशेष दोन ठिकाणी असतात. ‘/बूट’मध्ये संक्षेपित कर्नल, आरंभिक रॅमडिस्क (सुरुवातीला स्मृतीत भरली जाणारी तात्पुरती फाइल-व्यवस्था), चिन्हसूची (कर्नलमधील नावे व त्यांचे पत्ते) व बांधणीची मांडणी, ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये मॉड्यूलांची (गरजेनुसार कर्नलमध्ये भरल्या जाणाऱ्या भागांची) आवृत्तीच्या नावाची निर्देशिका. दुसरी सहसा मोठी असते, पण अडचण पहिल्या ठिकाणी होते, कारण ‘/बूट’ पुष्कळदा स्वतंत्र व लहान विभाजन असते.

हे विभाजन वेगळे का ठेवले गेले, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक बायोसच्या (संगणकात अंगभूत असलेल्या आरंभिक प्रोग्रॅमच्या) मर्यादेचे : जुन्या डिस्क-सेवेला १,०२४ सिलिंडरांपलीकडचे (सिलिंडर हा डिस्कवरील जागा मोजण्याचा विभाग) वाचता येत नसे आणि लिलो हा आरंभक कर्नल बायोसमार्फतच वाचत असे. ही सीमा आधी सु. ५२८ मेगाबाइटवर व डिस्कच्या भूमितीचे (सिलिंडर वगैरेंचे) आकडे बदलून सांगण्याच्या युक्तीनंतर सु. ८.४ गिगाबाइटवर पडे. तिच्या आत कर्नल राखण्याचा सोपा उपाय म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला छोटे विभाजन. दुसरे स्पष्टीकरण सांकेतिकीकरण, रेड (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत) व तार्किक खंड (डिस्कची जागा लवचीकपणे वाटण्याची पद्धत) यांचे : आरंभकाला वाचता येईल असा साधा भाग हवा. आजच्या वापराला दुसरे लागू पडते. उगमासाठी मात्र पहिले अधिक पटण्यासारखे आहे.

संक्षेपित कर्नलच्या ‘व्हीएमलिनझ’ या नावाचा माग बर्कली युनिक्सपर्यंत जातो. मूळ युनिक्समध्ये ही फाइल नुसती ‘युनिक्स’ होती, सु. १९७९ मध्ये आभासी स्मृती आल्यावर बर्कलीत ती ‘व्हीएमयुनिक्स’ झाली. शेवटचा ‘झेड’ संक्षेपाचा मानतात.

काढण्यापूर्वी ‘युनेम -आर’ या आज्ञेने चालू आवृत्ती पाहतात. ती सर्वांत नवी असेलच असे नाही. अद्ययावत केल्यावर संगणक पुन्हा सुरू केला नसेल तर दोन्ही वेगळ्या असतात. चालू कर्नल पुसला तरी यंत्र लगेच थांबत नाही, कारण तो स्मृतीत असतो. मात्र न भरलेली मॉड्यूल नाहीशी होतात आणि एखादे नवे उपकरण जोडताच दोष दिसतो. चालू, सर्वांत नवी आणि एक खात्रीची मागची आवृत्ती राखणे, हा रूढ संकेत.

डेबियन व उबुंटूत ‘ॲप्ट’ या पॅकेज-साधनाची ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’ ही आज्ञा चालू व सर्वांत नवा कर्नल राखून गरज नसलेले जुने कर्नल काढते. ‘पर्ज’ नसेल तर मांडणीच्या फाइली मागे राहतात. ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’सारखे मेटापॅकेज (नव्या कर्नल-पॅकेजकडे निर्देश करणारे पॅकेज) हाताने काढल्यास तत्काळ काही बिघडत नाही, पण पुढचे कर्नल, त्यांतल्या सुरक्षा-दुरुस्त्यांसह, येणे बंद होते. ही चूक उशिरा लक्षात येते. फेडोरात ‘इन्स्टॉलओन्ली-लिमिट’ ही (किती कर्नल ठेवायचे ते ठरवणारी) संख्या मुळात ३ असते आणि जास्तीचे आपोआप जातात. ओपनसूसेतही अशीच सोय आहे.

‘/बूट’ पूर्ण भरल्यावर नवी रॅमडिस्क लिहिता येत नाही, पॅकेज अर्धवट राहते आणि ‘ॲप्ट’ पुढचे काम नाकारते. तेव्हा ‘डीपीकेजी’ या ‘ॲप्ट’खालच्या मूळ साधनाने थेट एक जुने कर्नल-पॅकेज काढतात. फाइल हाताने पुसल्यास पॅकेजांची नोंद व डिस्क यांचा मेळ तुटतो. नाइलाजाने एखाद्या जुन्या आवृत्तीची रॅमडिस्क तशी पुसलीच, तर नंतर ते पॅकेजही रीतसर काढून ग्रबची यादी पुन्हा तयार करावी लागते.