सांडपाण्याच्या प्लास्टिक पाईपची फिटिंग (घरगुती, नाशिक)

संडास, मोरी, बेसिन, सिंक आणि गच्चीचं पाणी बाहेरच्या चेंबरपर्यंत नेणाऱ्या कडक पीव्हीसी पाईपांना जोडायचे सुटे भाग, म्हणजे बेंड, टी, वाय, कपलर, रिड्युसर, ट्रॅप (पाणी धरून गटाराचा वास अडवणारा बाक), व्हेंट काऊल (हवा खेळण्यासाठी वर नेलेल्या व्हेंट पाईपची टोपी) वगैरे. दुकानात हे सगळं एसडब्ल्यूआर (सॉइल, वेस्ट, रेन म्हणजे मैला, सांडपाणी, पाऊस) नावाने मिळतं. पाईपसाठी आय.एस. १३५९२ आणि मोल्डिंगच्या फिटिंगसाठी आय.एस. १४७३५ हे मानक आहे. प्यायच्या पाण्याच्या पीव्हीसी पाईपचं मानक वेगळं, आय.एस. ४९८५.

पीव्हीसीचा शोध कोणाचा याबद्दल एकमत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेन्योला १८३०च्या दशकात (काही ठिकाणी १८३५, काही ठिकाणी १८३८ असं साल सापडतं) उन्हात ठेवलेल्या वायूतून पांढरी पूड मिळाली असं सांगतात, तर जर्मनीच्या बाउमानने १८७२ मध्ये तसाच पदार्थ नोंदवला आणि त्याचं वर्णन जास्त नीट आहे, म्हणून बरेच लोक श्रेय त्यालाच देतात, आणि ते पटण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या सेमनचं १९२६ च्या सुमाराचं काम मऊ पीव्हीसीचं, त्यामुळे कडक पाईपच्या इतिहासात त्याला मूळ पुरुष धरणं बरोबर वाटत नाही. पाईप म्हणून वापर जर्मनीत १९३०च्या दशकात सुरू झाला. ट्रॅप मात्र प्लास्टिकच्या कितीतरी आधीचा आहे, अलेक्झांडर कमिंगच्या १७७५ च्या पेटंटमध्ये एस आकाराचा बाक आहे.

मापं. चुकीची फिटिंग घरी येते ती बहुतेक इथेच. पाईपवर छापलेलं माप मिमीमध्ये आणि बाहेरच्या व्यासाचं असतं (४०, ५०, ६३, ७५, ९०, ११०, १६०) पण गिऱ्हाईक, प्लंबर आणि दुकानदार तिघंही इंचात बोलतात. ११० ला सगळे चार इंची म्हणतात, तिथे भांडण नाही. ७५ ला मात्र कोणी अडीच इंची म्हणतं कोणी तीन इंची, आणि शेतीच्या पाईपची सवय असलेला माणूस तीन इंची म्हणजे ९० धरतो, नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांमुळे असे लोक भरपूर. याची दोन स्पष्टीकरणं देता येतात. एक म्हणजे इंच आतल्या व्यासावरून आले, जुन्या बिडाच्या पाईपसारखे : ११० च्या जाड पाईपची भिंत ३.२ मिमी, म्हणजे आत १०३.६ मिमी राहतात, जवळजवळ चार इंच. ७५ मध्ये आत ६८.६ राहतात, अडीचच्या जवळ. दुसरं म्हणजे बाहेरचाच व्यास इंचात बदलला, तसं केलं तर ७५ चे २.९५ म्हणजे तीन होतात, पण ११० चे ४.३३ येतात आणि हिशोब बिघडतो. पहिलं स्पष्टीकरण जास्त ठिकाणी जुळतं. तरी व्यवहारात दोन्ही चालतात, म्हणून दुकानात इंच बोलूच नये, मिमी सांगावे.

त्यात आणखी एक घोळ आहे. नळाच्या पाण्याचे बरेच यूपीव्हीसी (म्हणजे कडक पीव्हीसी) पाईप अमेरिकन मापाचे असतात आणि त्यातला दोन इंची बाहेरून ६०.३ मिमी भरतो, तो ६३ च्या फिटिंगमध्ये ढिला बसतो आणि कितीही सोल्युशन (पाईप चिकटवायचा द्रव) ओतलं तरी जॉइंट टिकत नाही. छापील अक्षरं पुसली असतील तर पाईपभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजावी आणि ३.१४ ने भागावं. दोरा १८९ मिमी भरला तर ६०.३ चा पाईप, १९८ भरला तर ६३ चा, २३५-२३६ म्हणजे ७५, २८३ म्हणजे ९०, ३४५-३४६ म्हणजे ११०. भिंतीतून पाईपचा तुकडाच बाहेर असेल तर हाच उपाय खात्रीचा.

टाईप ए आणि बी, हे एसडब्ल्यूआर पाईपचे दोन प्रकार. ए पातळ, पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला. बी जाड, मैल्याला आणि वापरलेल्या पाण्याला. बाहेरचा व्यास एकच असल्याने दोन्ही एकाच फिटिंगमध्ये बसतात, त्यामुळे संडासाच्या लाईनला स्वस्तातला ए टाकला तर वरून कळत नाही. तसंच शेतीचा ११० चा एल्बोही बसतो, पण तो दाबाच्या पाण्यासाठी, त्याचं वळण आखूड. एसडब्ल्यूआर बेंड लांब वळणाचा आणि बऱ्याचदा ९० ऐवजी ८७.५ अंशाचा असतो, उरलेल्या अडीच अंशात आडव्या पाईपला उतार मिळतो. वळणावर दाराचा (झाकण उघडून साफ करता येणारा) बेंड घ्यावा, तुंबल्यावर फरशी फोडावी लागत नाही.

जोड. सोल्युशनचा किंवा रबर रिंगचा. उघड्या उभ्या लाईनला रिंगचा बरा, कारण नाशिकला थंडीत पहाटे पारा १० च्या खाली उतरतो आणि एप्रिल-मेमध्ये ४० च्या आसपास जातो, आणि तीन मीटरचा पीव्हीसी पाईप ३० अंशांच्या फरकाला साधारण ६ मिमी वाढतो. म्हणून पाईप पूर्ण आत ढकलून खूण करायची आणि सुमारे १० मिमी मागे ओढायचा. रिंगचा आणि सोल्युशनचा सॉकेट (पाईप आत शिरतो ते तोंड) वेगळा असतो, रिंगच्या सॉकेटला आत खाच असते, ती बघून घ्यावा.

ट्रॅप. मोरीला नहाणी ट्रॅप किंवा मल्टिफ्लोअर ट्रॅप, भारतीय पद्धतीच्या संडासाच्या भांड्याखाली ११० चा पी किंवा एस ट्रॅप, बेसिनखाली ३२ मिमीचा बॉटल ट्रॅप. आत ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, दुकानात उथळ ट्रॅपही मिळतात, त्यांचं पाणी उन्हाळ्यात बंद घरात लवकर आटतं आणि वास येतो. कमोडमध्ये ट्रॅप असतोच, त्याखाली दुसरा लावू नये.

जुनी घरं. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत बिडाची लाईन सापडते. तिचं माप आतल्या व्यासाचं, त्यामुळे पीव्हीसी जोडताना बाहेरचा घेर मोजूनच अडॅप्टर घ्यावा. सिडकोच्या घरांत नंतर वाढवलेल्या मजल्यांचं बेसिन कधीकधी पावसाच्या पातळ पाईपला जोडलेलं दिसतं. ती लाईन टाईप बी ची करून गली ट्रॅपमार्गे (घराबाहेर चेंबरच्या आधी बसवलेला ट्रॅप) चेंबरला न्यावी.