गुलाल उधळला की फाइल का फुगते?

एकाच मोबाइलवर दोन व्हिडिओ काढा. एकात कीर्तनकार बुवा साध्या पडद्यासमोर उभे आहेत, दुसऱ्यात विसर्जन मिरवणुकीत गुलाल उधळला जातोय. दोन्ही चार मिनिटांचे, दोन्ही १९२० बाय १०८०. दर्जाची सेटिंग एकच ठेवून एक्स्पोर्ट केले, तरी मिरवणुकीची फाइल कीर्तनाच्या कितीतरी पट मोठी निघते. असं का होतं ते कळलं, की फाइल लहान कशी करायची हेही आपोआप कळतं.

आधी मूळ ओझं पाहू. एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगाला एकेक बाइट धरला तर एक फ्रेम ६.२ एमबीची होते. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चार मिनिटांचे ३७ जीबी! २००३ साली आलेला आणि आजही सगळीकडे चालणारा एच.२६४ हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत, हेच ओझं सहज १५० एमबीपर्यंत खाली आणतो.

यातली पहिली बचत आपल्या डोळ्यांमुळे होते. उजेड-अंधारातला बारीक फरक आपण चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगाची माहिती चार पिक्सेलांना मिळून एकदाच ठेवतात, आणि तेवढ्यानेच निम्मं ओझं उतरतं.

दुसरी बचत ज्या गणितातून होते, त्यामागे बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आहेत. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन संथ-वेगवान लहरींच्या बेरजेत मांडायचा, ही त्यांची कल्पना. संथ लहरींत चित्राचा बहुतेक ऐवज येतो. बारीक लहरी टाकल्या तरी डोळ्याला फारसं कळत नाही. १९७२ साली त्यांनी या कामासाठी अमेरिकेत अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते तडीस नेलं आणि १९७४ साली शोधनिबंध छापला. फोनमधल्या जेपेग फोटोंपासून एच.२६४ पर्यंत सगळीकडे हेच तत्त्व आहे. आपल्याकडे हे नाव घरोघरी माहीत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

तिसरी बचत सगळ्यात मोठी. कोडेक एक फ्रेम पूर्ण साठवतो आणि पुढच्या फ्रेममध्ये काय बदललं, कोणता तुकडा कुठे सरकला, एवढंच लिहितो. बुवांच्या मागचा पडदा हलत नाही, म्हणून त्याच्यासाठी जवळपास काहीच लिहावं लागत नाही. गुलालाचा मात्र कण न् कण वेगळ्या दिशेला उडतो. मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधता येत नाही आणि बिट्स खर्ची पडत जातात. धबधबा, पाऊस, वाऱ्यावर हलणारी पानं यांचंही तेच.

म्हणूनच सगळ्या व्हिडिओंना एकच बिटरेट, म्हणजे सेकंदाला ठरावीक बिट्स, देणं मला पटत नाही. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दर्जा ठरवून देता येतो. १०८०च्या व्हिडिओला दर्जाचा आकडा २० ते २४ मधला ठेवा. आकडा जितका मोठा तितकी फाइल लहान. किती बिट्स लागतील ते सॉफ्टवेअर प्रसंग बघून ठरवतं.

फाइल १०० एमबीच्या आतच हवी असेल तर मात्र हिशोब करावा लागतो. १०० ला ८ ने गुणा (एका बाइटचे आठ बिट्स) आणि २४० सेकंदांनी भागा: सेकंदाला ३.३ मेगाबिट, तेही आवाज धरून. कीर्तनाला एवढे पुरतात. मिरवणुकीत चौकटी-चौकटी दिसू लागतील. तिथे १२८० बाय ७२० करा, पिक्सेल निम्म्याहून कमी होतात आणि चित्र स्वच्छ राहतं. एच.२६५ निवडलात तर तोच दर्जा साधारण निम्म्या जागेत मिळतो, पण एक्स्पोर्टला वेळ लागतो आणि काही जुन्या उपकरणांवर फाइल उघडत नाही.

दाबणं नेहमी मूळ फाइलवरूनच करा. फॉरवर्ड होऊन आलेला व्हिडिओ आधीच दाबलेला असतो आणि प्रत्येक फेरीत तपशील आणखी गळतो.

आणि शूटिंग रात्रीचं असेल तर काळ्या आकाशाकडे नीट बघा. तिथे बारीक दाणे वळवळताना दिसतील. कमी उजेडात सेन्सरमधून येणारा हा नॉइज दर फ्रेमला बदलतो, आणि कोडेकच्या लेखी तोही गुलालच. एक्स्पोर्टआधी हलकासा नॉइज रिडक्शन लावा.