तंबूला आतून बोट लावले की तो कायमचा गळतो का?

नाशिकचा सिंहस्थ ऐन पावसाळ्यात येतो. त्यामुळे तपोवनातील साधुग्रामात सुती तंबू उभे राहिले की, ओल्या कापडाला आतून हात लावल्यास तंबू त्या जागी कायमचा गळतो, हा जुना समज पुन्हा ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. भिजल्यावर सुती धागे फुगून विणीतील छिद्रे आवळली जातात आणि उरलेल्या फटींत पृष्ठताणामुळे पाणी अडून राहते. बोट टेकताच तो ताण मोडतो आणि थेंब आत झिरपू लागतात. मात्र तेच बोट न उचलता कापडावरून खाली कडेपर्यंत ओढत नेले की पाणी त्या ओघळाने उतरते, आणि कापड वाळल्यावर ती जागा पूर्ववत होते. नवा तंबू शिवणीतून थोडा पाझरतो, म्हणून तो आधी एकदा भिजवून पूर्ण वाळवावा.

खरे नुकसान होते ते ओला तंबू तसाच गुंडाळून ठेवल्याने, कारण बुरशी सूतच कुजवते. साबणाच्या पावडरीने धुण्याचा उत्साहही आवरावा. तिने जलरोधक लेप निघून जातो. सुती दोर भिजून आखडतात, तेव्हा पावसात ते थोडे सैल करावेत, नाहीतर मेखा उपटतात.