मुखवटा कपाळावर की चेहऱ्यावर? ग्वेइचौची दोन लोकनाट्यं

नैऋत्य चीनच्या ग्वेइचौ प्रांतातली दीशी आणि नुओ ही लोकनाट्यं फोटोंत सर्रास एकमेकांच्या नावावर खपतात. दोन्हीकडे रंगीत लाकडी मुखवटे, दोन्हीकडे ढोल आणि काशाची थाळी. अभ्यासकही दीशीला कधीकधी ‘लष्करी नुओ’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. 2006 च्या अमूर्त वारशाच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत मात्र त्यांच्या नोंदी वेगळ्या आहेत, आणि ते योग्यच आहे.

पहिली खूण मुखवट्याची. आनशुन शहराजवळच्या थुनपू, म्हणजे जुन्या लष्करी वसाहतींच्या, गावांत दीशीचा नट डोक्यावरून काळं पातळ कापड घेतो आणि मुखवटा कपाळावर बांधतो. तो बघतो कापडातून. 1381 मध्ये मिंग सैन्य युन्नानवर चालून गेलं, त्यातल्या इथे वसवलेल्या सैनिकांचे हे गावकरी वंशज. त्यांचा खेळ मोकळ्या जमिनीवर होतो, प्रेक्षक भोवतालच्या उंचवट्यावर. वरून बघणाऱ्याला मुखवटा बरोबर समोर दिसतो.

म्हणूनच दीशी उंच रंगमंचावर चढवली की बिघडते. खाली बसलेल्यांना सेनापतीचा चेहरा दिसतच नाही; मुखवटा छताकडे बघतो आणि समोर नुसतं काळं कापड येतं. हा दोष प्रकाशयोजनेने जात नाही. खेळ खाली आणा, प्रेक्षक वर बसवा.

दुसरं नुकसान काटछाटीचं. दीशीत फक्त युद्धकथा असतात: प्राचीन चीनमधल्या तीन राज्यांच्या लढाया, यांग घराण्याचे सेनापती. परंपरेने एका गावाचा संच बहुधा एकच कथा खेळतो आणि ती कित्येक दिवस चालते. नटही परंपरेने पुरुषच. एक जण ओळ उचलतो, बाकीचे झेलतात. पर्यटकांसाठी ही कथा वीस मिनिटांत आटोपली की भाले-तलवारींची झटापट उरते, गाणं गळतं. मग पोरं पवित्रे शिकतात, पण सात आणि दहा अक्षरांच्या ओळी कुणालाच पाठ नसतात. जतन करायचं तर आधी या ओळी, त्याही चालीसकट. आणि नववर्ष व सातवा चांद्र महिना हे खेळाचे दोन हंगाम चुकवायचे नाहीत.

ग्वेइचौतल्याच देच्यांगचं नुओ हे ‘तुच्या’ नावाच्या वांशिक गटाचं. इथे मुखवटा थेट चेहऱ्यावर. पूर्ण संच 24 मुखवट्यांचा, अर्धा 12 चा. खेळ एखाद्या घरी होतो, कारण त्या घराने आजारपणात किंवा मुलासाठी नवस बोललेला असतो. विधी करणारा गुरू आधी वेदी मांडतो, मग ‘गुहा उघडून’ मुखवट्यातली पात्रं बोलावतो, शेवटी वेदी उठवतो. नाटक या मधल्या भागात येतं. तेवढंच उचलून महोत्सवात दाखवलं तर पात्रं का आली हेच कळत नाही. विधीतलं तलवारींच्या शिडीवर चढणं तर हमखास कसरत म्हणून विकलं जातं.

जतनाचे मार्गही म्हणून वेगळे. दीशीचा मुखवटा फुटला तर सुतार नवा कोरतो, त्यावर संस्कार होतो आणि संच पुन्हा उभा राहतो; लाकूड नीट वाळलेलं हवं, नाहीतर कोरल्यावर तडकतं. नुओमध्ये मुखवट्यांचा नवा संच आणून भागत नाही. संहिता पाठ असली तरी गुरूकडून अधिकार मिळाल्याशिवाय शिष्याला वेदी मांडता येत नाही. तिथे पैसा घालायचा तो शिष्याच्या शिकण्याच्या वर्षांवर, आणि चित्रीकरण करायचं तर खऱ्या नवसाच्या दिवशी, यजमानाला विचारून, वेदी मांडण्यापासून उठवण्यापर्यंत सलग.