जुन्या कायद्यावर उभी राहिलेली नवी वकिली

बौद्धिक संपदा (कॉपीराइट, व्यापारचिन्हे वगैरे) आणि इंटरनेट कायदा ही दोन्ही कामे आज बहुधा एकाच वकिलाच्या पाटीवर दिसतात. भारतात त्यांची गाठ १९९९ साली पडली. ती संसदेने घातली नाही, न्यायालयात पडली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले आणि चार वर्षांतच संकेतस्थळांच्या नावांवरून भांडणे सुरू झाली. 'याहूइंडिया डॉट कॉम'विरुद्ध 'याहू' दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा हाताशी होता १९५८ चा व्यापारचिन्ह कायदा. त्याखाली मालाच्या चिन्हांची नोंदणी होई, सेवांच्या नाही. प्रतिवादीने नेमका हाच मुद्दा काढला. वादीच्या वकिलांनी मग 'पासिंग ऑफ'चे तत्त्व लावून धरले. दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला धंदा करू नये, असे सांगणारे हे इंग्लंडमधले जुने तत्त्व. फेब्रुवारी १९९९ मध्ये मनाई हुकूम मिळाला.

त्याच वर्षी मुंबईत 'रेडिफ'ने 'रॅडिफ'विरुद्ध दाद मागितली. न्या. अजित प्रकाश शहा यांनी डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण हवे, असे स्पष्ट सांगितले. २००४ मध्ये 'सिफी'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली. मला या टप्प्याचे महत्त्व फार वाटते. नेमका कायदा नसताना वकिलांनी जुन्या तत्त्वातून वाट काढली आणि न्यायालयांना ती पटली.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला खरा, पण डोमेन नावांच्या वादांबद्दल त्यात काही नव्हते. वकिलीची दिशा बदलली ती 'बाझी डॉट कॉम' प्रकरणाने. कुणा विक्रेत्याने त्या संकेतस्थळावर विकायला ठेवलेल्या अश्लील चित्रफितीपायी २००४ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. इतरांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आला. इतरांच्या मजकुरासाठी संकेतस्थळाला जबाबदार न धरणारे कलम ७९ चे संरक्षण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीने रुंदावले, पण त्याच दुरुस्तीने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम ६६-अ ही आणले. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, ती याच कलमाखाली. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६-अ रद्द केले. मजकूर हटवण्याची सक्ती न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानेच व्हावी, असेही त्याच निकालात ठरले.

मग गाण्यांच्या हक्कदाराने काय करायचे? प्रत्येक चोरीच्या गाण्यासाठी कोर्टाची पायरी चढायची? दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये 'मायस्पेस' या संकेतस्थळाच्या खटल्यात कॉपीराइटपुरता वेगळा मार्ग दाखवला. हक्कदाराने आपल्या कोणत्या कलाकृती, कुठे आहेत हे नेमके कळवले, तर तेवढी नोटीस पुरते. म्हणून या वकिलाचा बराच वेळ आज नोटिशीचा मसुदा करण्यात जातो. मोघम यादी चालत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनीही पायरसीच्या नावाखाली अख्खी संकेतस्थळे सरसकट बंद करायला नकार दिला, दुवे एकेक पडताळून आणायला लावले. ही शिस्त मला अत्यंत गरजेची वाटते.

२०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. आवाजासाठी स्वतंत्र कायदा आजही नाही. न्या. आर. आय. छागला यांनी व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांच्या, म्हणजे स्वतःच्या नाव, आवाज, प्रतिमेवरच्या हक्कांच्या आधारे त्यांना अंतरिम संरक्षण दिले.