डिझी गिलेस्पींची ‘बिग फोर’ घेताय? आधी कव्हर उलटून वाचा

‘बिग’ म्हणजे मोठा बँड, अशा समजुतीने अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांची ‘डिझी गिलेस्पीज बिग फोर’ ही तबकडी घेऊन जाणारे आणि आठवड्याने हिरमुसून परत आणणारे ग्राहक आम्हाला नवे नाहीत. उलट बाजूचेही आहेत. ‘मूड्स’ या शब्दाला भुलून, काहीतरी निवांत असेल म्हणून ‘अफ्रो-क्यूबन जॅझ मूड्स’ नेतात. घरी सुई टेकते, क्यूबन बँडप्रमुख माचितोंचा अख्खा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो आणि आमचा फोन वाजतो. दोन्ही तबकड्या पाब्लो या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, दोन्हींवर ठळक नाव तेच. एकीचं ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९७४ चं, दुसरीचं जून १९७५ चं. गोंधळ होणं समजू शकतो, पण परत आलेली प्रत पुन्हा धुवायची, प्रकाशात धरून तपासायची, दोन्ही बाजू वाजवून बघायची, यात आमचा बराच वेळ जायचा.

चूक एकच होते: कव्हरची फक्त पुढची बाजू बघून खरेदी. पुढे चेहरा आणि नाव असतं. तिरक्या, वर वळलेल्या ट्रम्पेटचा फोटो असला तर छायाचित्र १९५३ नंतरचं, एवढंच त्यावरून कळतं (त्या वर्षी जानेवारीत एका पार्टीत कुणीतरी स्टँडवरच्या ट्रम्पेटवर पडलं, ते वाकलं, आणि गिलेस्पींना त्याचा आवाज आवडला). किती माणसं वाजवतायत हे फोटो सांगत नाही. ते मागे छापलेलं असतं: वादकांची नावं, वाद्यं, ध्वनिमुद्रणाची तारीख. छपाईचं साल वेगळं आणि ध्वनिमुद्रणाचं वेगळं, हेही तिथेच दिसतं. पाब्लोचा माल पुढे फॅन्टसी कंपनीकडे गेला आणि नव्याने निघाला, त्यामुळे केवळ सालावर जाऊ नका.

आता ‘बिग फोर’मध्ये काय आहे ते सांगतो, कारण आमच्या मते या काळातली पहिली घ्यायची तबकडी हीच. माणसं चारच. ट्रम्पेट गिलेस्पींचं, गिटार जो पास, बास रे ब्राउन, ड्रम्स मिकी रोकर. पियानो नाही, दुसरं एकही फुंकवाद्य नाही. मोठ्या ताफ्यात बाकीचे वाजवत असताना मुख्य वादकाच्या ओठांना विसावा मिळतो. इथे चीज उभी करायची तीही त्यांनीच आणि मिटवायची तीही. सत्तावन्न पूर्ण व्हायला महिना उरला असताना, १९६८ मध्ये युरोप दौऱ्यासाठी पुन्हा मोठा ताफा उभा करून झाल्यावर, या माणसाने हे अंगावर घेतलं. निर्माते नॉर्मन ग्रान्झ. त्यांनी लेबलला चित्रकार पाब्लो पिकासोचं नाव दिलं होतं आणि उगाच सजावट करायची त्यांना आवड नव्हती. रे ब्राउन तर १९४५ पासूनचा सोबती, त्यामुळे खालची बाजू भक्कम आहे. यातली ‘बी-बॉप’ ही चीज गिलेस्पींनी १९४५ मध्येच ध्वनिमुद्रित केली होती. दोन्ही वेळची लागोपाठ ऐकलीत तर वरच्या स्वरांची धार थोडी उतरलेली जाणवेल. कुठे थांबायचं याची जाण मात्र वाढली आहे. आम्हाला १९७४ ची जास्त आवडते. वाद घालायला या.

याहून लहान हवं असेल तर नोव्हेंबर १९७४ ची, लंडनमध्ये झालेली पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्याबरोबरची तबकडी घ्या. ट्रम्पेट आणि पियानो, बस्स. स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोची १९७५ ची ‘ट्रम्पेट किंग्ज’ ही मैफलीतली, तीन ट्रम्पेटांची. रॉय एल्ड्रिज आणि क्लार्क टेरी आवडत असतील तरच.

मुंबईच्या सिनेमांतले आणि हॉटेलांतले ट्रम्पेट ऐकत मोठे झालेले आमचे बरेच ग्राहक ट्रम्पेट म्हटलं की मागे ऑर्केस्ट्रा गृहीत धरतात. चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी तो कान घडवला, त्यात वाईट काही नाही. पण मग ‘बिग फोर’ पहिल्यांदा कोरडी वाटते. दोन-तीनदा ऐका, मग मत बनवा.

वाजवलेली तबकडी आम्ही आता परत घेत नाही, यावर काहीजण नाराज होतात. तुमच्या घरची सुई झिजलेली आहे की नवी, हे आम्हाला दिसत नाही, आणि झिजलेल्या सुईखालून एकदा गेलेली खाच पुन्हा भरत नाही. पुढच्या ग्राहकाला ‘उत्तम’ म्हणून ती प्रत कशी द्यायची? तबकडीच वाकडी निघाली किंवा आम्ही सांगितलेल्या दर्जाची नसेल, तर मात्र बिनतक्रार बदलून देतो.

म्हणून मागवताना फक्त ‘डिझीची एखादी पाठवा’ असं लिहू नका. किती वादकांची हवी आणि साधारण कुठल्या वर्षांतली, एवढं कळवा. कव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो आम्ही आधी पाठवतो. तो वाचून ‘हो’ म्हणा, मगच पैसे भरा. दुकानात येत असाल तर पहिली बाजू आमच्या प्लेअरवर पूर्ण ऐकवू. सुईही तिथेच बदलून मिळते, तुमची जुनी सोबत आणा. शनिवारी गर्दी असते, इतर दिवशी दुपारी आलात तर बरं.